नैवेद्याचं फडकं

बेंगळुरातल्या शिवाजीनगरच्या बाजाराच्या तोंडाशी जयसिंगरावांचं आरशांचं आणि तसबिरींच्या चौकटींचं दुकान होतं, आणि बाजारामागच्या बोळात घर. घराणं जुनं. किती पिढ्यांमागे बेंगळुरात आलं ते घरातल्या कुणालाही नीट सांगता येत नसे. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड, आणि जयसिंगराव रागावले की दोन्ही एकदम.

त्या सकाळी घर नेहमीसारखंच होतं. जयसिंगरावांची बायको रत्नाबाई चुलीपाशी उप्पीट ढवळत होत्या. जयसिंगरावांची विधवा बहीण सकवारबाई मागच्या दाराशी तांदूळ निवडत होती. पुढच्या दाराशी तिने बसायचं नाही, असा दंडकच होता. सकाळी कामाला निघणाऱ्या माणसाला तिचं तोंड दिसता कामा नये म्हणून. आणि या घराची लेक अंबू आरशासमोर उभी राहून हातातल्या पांढऱ्या रुमालाकडे साप बघावा तशी बघत होती.

साल एकोणीसशे सत्तावन्न, महिना जूनचा. मद्रासेकडून आलेला नवा ताप गावभर पसरला होता. कुणी फ्ल्यू म्हणे, कुणी नुसतंच 'तो ताप'. अंबू कन्नड शाळेत लहान मुलांना शिकवायची. आदल्या दिवशी एका डॉक्टरांनी शाळेत येऊन सांगितलं होतं, की गर्दीत जाताना आणि आजाऱ्याजवळ बसताना नाकातोंडावर फडकं बांधा. बायकांनी माना डोलावल्या होत्या. प्रत्यक्षात किती जणी बांधणार, हे डॉक्टरांनाही ठाऊक असावं.

अंबूने रुमाल बांधला आणि बाहेर पडली. बोळ संपेपर्यंत ठीक होतं. बसथांब्यावर मात्र तिला वाटलं, अख्खा बाजार हातातली कामं टाकून आपल्याकडेच बघतोय. छाती धडधडायला लागली, रुमालाखाली श्वास पुरेना, कानशिलं तापली. शेजारी उभ्या असलेल्या बाईने आपलं मूल ओढून पलीकडे घेतलं.

"अय्यो, क्षय दिसतोय," ती दुसरीला म्हणाली. अंबूला ऐकू यावं अशा बेताने म्हणाली.

बस आली. कंडक्टर म्हणाला, "अक्का, स्वल्प मागे उभ्या राहा," आणि पुढची दोन माणसं हसली. झालं! अंबूने रुमाल ओढून काढला, मुठीत कोंबला आणि शाळेपर्यंत मान वर केली नाही. त्या बसमध्ये कितीजण खोकत होते! त्यांच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नव्हतं.

थांब्यावर विठोजीही उभे होते, हे तिला दिसलंच नाही. विठोजी म्हणजे समाजातली लग्नं जुळवणारा माणूस. कुणाच्या घरी काय शिजतं ते त्यांना घरच्यांच्या आधी कळायचं. संध्याकाळी अंबू घरी पोचली तेव्हा ते ओसरीवर कॉफी पीत बसलेले.

"जयसिंगराव, मी प्रतापरावांचं स्थळ आणलंय," ते म्हणत होते. "मुलगा विमानाच्या कारखान्यात. असं स्थळ दारात येतंय आणि तुमची लेक तोंड बांधून भर बाजारात उभी! लोक काय समजतील?"

जयसिंगराव अंबूकडे वळले. "काय गं, हे खरं?"

"डॉक्टरांनी सांगितलंय, अप्पा."

"डॉक्टर येणारेय का तुझं लग्न लावायला? पुन्हा तोंडाला फडकं दिसलं तर शाळा बंद. सरी? कळलं?"

आता हे जयसिंगराव दुष्ट होते, असं कुणी समजू नका. लेकीवर त्यांचा जीव होता. पण आपल्या समाजाची रीतच अशी, की लग्नाच्या मुलीच्या घरात आजार नसतोच! ताप येत नाही, खोकला येत नाही, कुणी अंथरुणाला खिळत नाही. आलाच आजार, तर दार लावून घ्यायचं, डॉक्टरला बोलवायचं नाही, आणि शेजारणीने विचारलं तर गावाला गेलेत म्हणून सांगायचं. हे सगळेच करतात, आणि सगळेच करतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. तरी बिनबोभाट चालतं.

अंबू मागच्या दारी जाऊन आत्याजवळ बसली आणि रडली. सकवारबाईंनी सुपडं बाजूला ठेवलं.

"लोकांनी बघितलं म्हणून रडतीस?"

"छाती फुटते असं वाटलं, आत्या. मी काढून टाकलं शेवटी."

"वाटणारच. कपाळ पुसल्यावर मी पहिल्यांदा रस्त्यावर गेले ना, तेव्हा मलाही तसंच झालं होतं. पाय उचलेना." सकवारबाई जरा थांबल्या. "तुला एक सांगते. लोक बघायला लागले की मोठा श्वास घ्यायचा आणि मान वर ठेवायची. मान खाली घातली की त्यांना वाटतं चूक आपलीच."

"तू वर ठेवलीस?"

"नाही गं. खालीच घातली, ती अजून वर आली नाही. म्हणून तर सांगतेय."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी सकवारबाईंना ताप भरला. अंग फणफणलं, खोकल्याने बरगड्या दुखायला लागल्या. प्रतापरावांची मंडळी रविवारी मुलगी बघायला येणार होती. तेव्हा घरात काय ठरलं असेल, ते वाचकांना वेगळं सांगायला नको. स्वैपाकघरामागच्या कोठीत, तांदळाच्या पोत्यांशेजारी त्यांचं अंथरूण घातलं आणि दार ओढून घेतलं. सोय किती! विधवा बाई शुभकार्यात पुढे येतच नाही. ती कुठे आहे, असं कुणी विचारणारही नव्हतं.

"डॉक्टरला बोलवू या ना, अप्पा," अंबू म्हणाली.

"डॉक्टरची मोटार बोळात आली की रविवारी कोण येईल इथे? अक्का माझी बहीण आहे, मला काय तिची काळजी नाही? सोमवारी बोलवू."

अंबूच आत्याजवळ बसायची. पेज भरवायची, कपाळावर ओली पट्टी ठेवायची. तोंडाला बांधायला रुमाल तोकडा पडायला लागला, तेव्हा तिने देवघराच्या कोनाड्यातलं फडकं घेतलं.

हे फडकं म्हणजे या घराची एक जुनी चाल होती. नवरात्रात भवानीचा नैवेद्य रांधणाऱ्या बाईने नाकातोंडावर सोवळ्याचं फडकं बांधायचं. आपला श्वास, आपली थुंकी देवीच्या अन्नाला लागू नये म्हणून. अंबूला ते बांधायला सकवारबाईंनीच शिकवलं होतं. त्यांना स्वतःला वैधव्य आल्यापासून त्या चुलीजवळ जायची मुभा नव्हती. पण लांब बसून, गाठ कुठे मारायची ते त्या सांगायच्या.

रत्नाबाईंनी ते फडकं लेकीच्या तोंडावर बघितलं आणि त्या पुढे झाल्या.

"अगं, देवीचं आहे ते!"

"धुऊन ठेवीन, आई."

रत्नाबाईंनी फडकं तिच्याकडेच राहू दिलं. नवऱ्यालाही सांगितलं नाही. त्यांच्यात तेवढं बळ होतं, त्याहून जास्त नव्हतं.

रविवार उजाडला. अंबूचं अंग सकाळपासून ठणकत होतं, घसा खवखवत होता. आईला सांगितलं तर आई म्हणाली, "काळजीने होतं तसं. अबोली माळ आणि चल." पाहुणे आले. प्रतापराव, त्यांची बायको, मुलगा, आणि मुलाची बहीण ठकुबाई. अंबू कॉफीचं तबक घेऊन स्वैपाकघराच्या दारात आली, पडद्याच्या फटीतून तिने ओसरीवर नजर टाकली आणि तिथेच थबकली.

ठकुबाईचे दिवस भरत आले होते. बिचारीला नीट बसताही येत नव्हतं. भिंतीला टेकून ती पदराने वारा घेत होती. आणि तिच्या शेजारचा पाट अंबूसाठी मोकळा ठेवलेला होता.

डॉक्टरांनी शाळेत गरोदर बायकांबद्दल जे सांगितलं होतं ते अंबूच्या कानात घुमायला लागलं. हा ताप त्यांना झेपत नाही, त्यांना जपा. आत कोठीत आत्या खोकली. ओसरीवर जयसिंगराव घाईघाईने म्हणाले, "शेजारचा म्हातारा. सारखा खोकतो."

अंबूने तबक तिथेच खाली ठेवलं. ती तशीच मागे फिरली. फडकं घेतलं, आत्याने शिकवली होती तशी मानेमागे गाठ मारली. बसथांब्यावर झालं होतं तेच पुन्हा झालं: छाती धडधडली, श्वास पुरेना. तिने एक मोठा श्वास घेतला, मान वर केली आणि रिकाम्या हातांनी ओसरीच्या दारात जाऊन उभी राहिली.

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. आधी विठोजी बोलले.

"अगं, हे काय! काढ की ते. स्वल्प चेहरा दिसू दे लोकांना."

"नाही काढणार, अण्णा. घरात ताप आहे. माझी आत्या आत कोठीत आजारी पडलीय, मी तिच्याजवळ बसत आलेय. आज माझंही अंग दुखतंय." तिचा आवाज चिरकत होता, पण ती थांबली नाही. "ठकुबाई, तुम्ही आधी बाहेर जा. इथे बसू नका, तुमच्या पाया पडते."

"जयसिंगराव," प्रतापराव उठून उभे राहिले, "तोंड झाकून मुलगी दाखवायची ही कुठली तऱ्हा?"

"क्षय असणार," त्यांची बायको म्हणाली. "तापाचं निमित्त पुढे करतायत."

"क्षय नाही," अंबू म्हणाली. "असता तरी लपवला नसता."

जयसिंगरावांचा चेहरा काळाठिक्कर पडला होता. "अंबू, काढ ते! देवीचं फडकं तोंडाला लावून माझी शोभा करतीस?"

"अप्पा, देवीच्या अन्नाला आपला श्वास लागू नये म्हणून आपण हे बांधतो. तिला तर काही होत नाही. या बाईला होईल. हिच्यासाठी बांधलं तर काय बिघडलं?"

प्रतापराव वहाणा शोधायला लागले. ठकुबाई तेवढी हळूच म्हणाली, "आई, ती खरं सांगतेय गं."

"तू गप्प बैस. ऊठ, चल!" म्हणत आईने तिला हाताला धरून उठवलं, आणि मंडळी निघून गेली. विठोजी जाताना म्हणाले, "आता या घरात पाऊल टाकणार नाही." पुढची पायरी उतरून ते उभे राहिले आणि हेही म्हणाले, की सुल्तानपेठेत एक मुलगी आहे, घरात कुणी आजारी नाही, पुढच्या रविवारी तिकडेच जाऊ. अगदी मोठ्याने म्हणाले.

जयसिंगराव लेकीशी बोलेनासे झाले. पण एक झालं. लपवायचं काही उरलं नाही, म्हणून त्याच दुपारी रत्नाबाईंनी स्वतः डॉक्टरला बोलावणं धाडलं, आणि डॉक्टरची मोटार सगळ्या बोळासमक्ष दाराशी उभी राहिली. आत्याला पुढच्या खोलीत, खिडकीशी आणून निजवलं. अंबूलाही ताप आला. दोघी शेजारी शेजारी पडून होत्या. उशीर झाला असता तर सकवारबाई हाती लागल्या नसत्या, असं डॉक्टर म्हणाले. ते ऐकून जयसिंगराव दाराआड उभे राहून रडले. पण बाहेर येताना डोळे पुसून आले.

अंबू हिंडूफिरू लागली, आत्या उठून बसायला लागली, त्या सुमारास विठोजी दुकानात आले. ते आरशासमोरच्या स्टुलावर बसले आणि आरशाकडे पाठ करून घेतली.

"काय झालं, अण्णा?"

"प्रतापरावांची ठकुबाई गेली."

जयसिंगरावांच्या हातातली चौकट तशीच राहिली.

"सुल्तानपेठेत मुलगी बघायला गेलो होतो ना. मुलगी छान, सगळं छान. तिचा भाऊ माडीवर तापाने पडला होता म्हणे. तिलाही कणकण होती. बोलले नाहीत लोक. ठकुबाई तिच्या शेजारीच बसली होती. तिला ताप चढला, मग श्वास लागला." विठोजींनी उपरण्याने तोंड दाबलं. "पोर पोटातच गेलं. मला माहीत असतं तर... पण जयसिंगराव, मी विचारलंच कुठे? आपण विचारतो का कधी?"

जयसिंगरावांनी दुकानाच्या फळ्या लावल्या आणि घरी आले. देवघरात गेले. कोनाड्यातलं फडकं अंबूने धुऊन, घडी घालून परत ठेवलं होतं. ते घेऊन ते पुढच्या खोलीत खिडकीशी बसलेल्या बहिणीपुढे येऊन बसले.

"अक्का, हे बांध माझ्या तोंडाला. प्रतापरावांची ठकुबाई गेली, तिकडे जाऊन येतो. मला गाठ मारता येत नाही."

सकवारबाईंनी अशक्त हातांनी गाठ मारली. अंबूने आपला रुमाल काढला आणि बांधला. "मीही येते, अप्पा," ती म्हणाली. जयसिंगरावांनी तिच्याकडे बघितलं. त्या रविवारनंतर पहिल्यांदाच.

"चल. पण पुढे तू चाल," ते म्हणाले. "मला फार लाज वाटतेय गं."

"मोठा श्वास घ्या आणि मान वर ठेवा. होतं सवयीने."

भर बाजारातून बापलेक निघाले. शेजारचा दुकानदार काहीतरी बोलला, पोरं मागे लागली, बसमधल्या लोकांनी वाकून वाकून बघितलं. जयसिंगरावांना दरदरून घाम फुटला होता, पण फडकं त्यांनी काढलं नाही.

प्रतापराव दारातच बसले होते. एका महिन्यात माणूस म्हातारा झाला होता. त्या दोघांची बांधलेली तोंडं बघून ते ना चिडले, ना उठून आत गेले. अंबूकडे बघत म्हणाले, "पोरी, तू उठून जा म्हणाली होतीस. तू पाया पडत होतीस." मग आतल्या खोकल्याच्या आवाजाकडे मान वळवून, अगदी खालच्या आवाजात त्यांनी विचारलं, "ठकुबाईची आई आणि माझा मुलगा दोघं पडलेत तापाने. जवळ जायला माणूस मीच. असं फडकं आणखी आहे का तुमच्याकडे?"

अंबूने आपल्या लुगड्याचा पदर दातांत धरून फाडला आणि त्यांच्या तोंडाला बांधला.

वाचकहो, आता तुमच्या मनात काय आलं ते मला ठाऊक आहे. मग अंबूच्या लग्नाचं काय? त्याच मुलाशी जमलं का? एक बाई पोटातल्या पोरासकट गेली, आणि आपल्याला अजून लग्नाचंच पडलंय! सुल्तानपेठेतल्या त्या घरालाही तेवढंच पडलं होतं. तीही तुमच्याआमच्यासारखीच चांगली माणसं. तेव्हा अंबूचं काय झालं ते मी सांगणार नाही. तुमच्या घरी पुढच्या रविवारी पाहुणे यायचे असतील, तर आधी मागच्या खोलीचं दार उघडून आत कोण खोकतंय ते बघा.