लटकवलेलं जाकीट

माझी बायको सायकलवरून कामाला जाताना अपघातात गेली, त्याला आठ महिने झाले. वेळ सकाळी पावणेसातची. उजाडलेलं होतं. तिच्या अंगात पिवळं जाकीट होतं. सायकलला पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा होता, दोन्ही चालू होते. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण भेटायला येणारा प्रत्येक जण तेच विचारतो. जाकीट होतं का? दिवा होता का? होता म्हटलं की माणसं गप्प होतात. नव्हता म्हटलं असतं तर त्यांना जरा बरं वाटलं असतं.

जाकीट मीच शिवलं होतं. कामगारांचे कपडे तयार करणाऱ्या कारखान्यात मी शिलाई मशीनवर आहे. रस्त्याचं काम करणाऱ्यांची पिवळी जाकिटं आमच्याकडेच होतात, पोटावर आणि पाठीवर चमकणारी पट्टी लावून. एकदा एकाची पट्टी तिरकी बसली म्हणून मुकादमाने ते बाजूला टाकलं. मी त्याला विचारून घरी आणलं, पट्टी उसवून सरळ केली, खांदे थोडे आत घेतले. बायकोने घालून आरशात पाहिलं.

“अहो, यात मी बाई कमी आणि लिंबू जास्त दिसते.”

“दिसतेस ना? मग झालं तर.”

“दिसते म्हणजे काय! मला चोरून कुठे जायची सोयच ठेवली नाहीत तुम्ही.”

शाळेच्या स्वयंपाकघरात ती कामाला होती. सात वर्षं ते जाकीट घालून गेली.

ज्याच्या व्हॅनखाली ती आली तो पळाला नाही. त्यानेच फोन केला, तोच तिच्याजवळ बसून राहिला. त्याचा जबाब मला नंतर वाचून दाखवला. त्या रस्त्याचं काम महिनाभर चालू होतं. उकडायला लागलं की कामगार जाकिटं काढून बॅरिकेडवर लटकवतात आणि कधी कधी तशीच विसरून घरी जातात. व्हॅनवाला रोज तिथून जायचा. जबाबात होतं, ‘मला पिवळं दिसलं. मला वाटलं, लटकवलेलं जाकीट आहे.’

ती दिसली नाही असं तो म्हणाला असता तर मी त्याला आंधळा म्हणून मोकळा झालो असतो. पण ती दिसली होती.

हे सगळं मी गिळून बसलो असतो. पण गेल्या महिन्यात आमच्या मुलीला नोकरी लागली. तिला घरात आम्ही बारकी म्हणतो, आता चोवीस वर्षांची आहे तरी. एका मोठ्या दवाखान्याच्या प्रयोगशाळेत, रक्त तपासायचं काम. सकाळी साडेसहाला हजर व्हायचं आणि पहिली बस सुटते सातला.

“मी आईची सायकल दुरुस्त करून घेते,” ती म्हणाली.

“दुसरी नोकरी बघ.”

“दोन वर्षं बघतेच आहे, बाबा.”

“मग तिथे जवळ खोली घे.”

“आणि तुम्ही? तुम्हाला साधी डाळ शिजवता येत नाही. सोमवारी जायचंय मला. फक्त एवढं सांगा, आईसारखं जाकीट घालू की नको?”

आयुष्यभर मी तीच जाकिटं शिवली. मला सांगता येईना.

म्हणून शनिवारी मी व्हॅनवाल्याला शोधून काढलं. तो आता गोदामात माल मोजायला असतो, गाडी सोडली त्याने. मला पाहून त्याच्या हातातलं पॅड खाली पडलं. मी म्हटलं, घाबरू नकोस, भांडायला आलो नाही. एकच विचारायचंय. तिच्या अंगात लाल असतं, किंवा काहीच नसतं, साधी साडी असती, तर तू ब्रेक मारला असतास का?

त्याने पॅड उचलून खोक्यावर ठेवलं.

“काका, मी पण हेच रोज विचारतो. कधी वाटतं, हो. कधी वाटतं, मग त्या दिसल्याच नसत्या. खरं सांगू? मला नाही माहीत.”

“पाय हलत होते ना तिचे? पॅडल मारत होती ती.”

“हलत असतील. मी पायांकडे पाहिलंच नाही. लटकवलेल्या जाकिटाला कोण पाय बघतं?”

त्याने मला चहा विचारला. मी नको म्हटलं, मग का कोण जाणे घेतला. आम्ही दोघं खोक्यांवर बसून चहा प्यायलो. त्याची पण एक मुलगी आहे.

घरी येऊन मी मशीन उघडलं. त्याच्या बोलण्यातून एवढंच हाती लागलं होतं की पट्टी हलणाऱ्या जागी पाहिजे. मी घोट्यांना आणि गुडघ्यांखाली बांधायचे चार चमकणारे पट्टे शिवले, हातमोज्यांच्या पाठीवर पट्टी लावली, जाकिटाऐवजी केशरी रंगाचा एक सदरा केला. रविवारी पहाटे बारकीला गल्लीच्या टोकाला उभं केलं आणि मी दुसऱ्या टोकाला थांबलो. ती एकदा जाकीट घालून आली, एकदा सदरा आणि पट्टे घालून, एकदा नुसत्या निळ्या पंजाबी ड्रेसमध्ये दिवा लावून. शेजारच्या काकू खिडकीतून म्हणाल्या, “काय हो, पोरीची फॅशन परेड चाललीय का?”

“कशात जास्त दिसले?” बारकीने धापा टाकत विचारलं.

मी खोटं बोलणार होतो. पट्टे म्हणणार होतो, एवढी मेहनत केली होती म्हणून. पण तिन्ही वेळा ती मला सारखीच दिसली होती. दिवा नसता, अंगात काळं असतं, तरी दिसली असती. मान जरा डावीकडे टाकून सायकल चालवते ती, आईसारखी. मी तिलाच बघायला उभा होतो. व्हॅनवाला कोणालाच बघायला निघाला नव्हता, तो कामाला निघाला होता.

“सगळ्यांत दिसलीस,” मी म्हटलं.

“म्हणजे काय घालू?”

“सगळं घाल.”

ती हसली. मला हसू आलं नाही.

सोमवारी ती सहाला निघाली. सदरा, चार पट्टे, हातमोजे, पुढे-मागे दिवे. दोन मिनिटांनी मी माझी सायकल काढली आणि तिच्या मागे निघालो. मनात एवढंच होतं की मागून काही आलं तर आधी माझ्यावर येईल. मोठ्या रस्त्याच्या सिग्नलला तिने मला पाहिलं. सायकल वळवून ती फुटपाथजवळ आली.

“बाबा, हे काय?”

“काही नाही. फिरायला निघालोय.”

“तुमच्या मागे कोण आहे मग?”

“माझं काय एवढं.”

“असं म्हणू नका हं, सांगून ठेवते.” तिने माझ्या सायकलचं हँडल धरलं. “मी सारखी मागे वळून तुम्हालाच बघत होते. पुढे काय आहे ते बघत नव्हते. कळतंय का? अशाने मीच कुठेतरी आदळेन. घरी जा.”

“पोचलीस की फोन कर.”

“करीन. पण थांबा इथेच, माझ्या मागे येऊ नका.”

सिग्नल सुटला. ती गेली. केशरी ठिपका बराच लांबपर्यंत दिसला, मग एका टेम्पोआड गेला, पुन्हा दिसला, पुन्हा गेला. तिथून पुढे तिचा रस्ता वीस मिनिटांचा. मी सायकल धरून फुटपाथच्या कडेला उभा होतो आणि समोरून एकेक गाडी त्याच दिशेने जात होती. मी आत वाकून चालवणाऱ्यांची तोंडं बघायला लागलो. एक जांभई देत होता. एक बाई मागच्या सीटवरच्या मुलाला काहीतरी देत होती. माझा हात कधी वर गेला मला कळलं नाही.

एक गाडी थांबली. माझ्याच वयाचा माणूस होता. त्याने काच खाली केली.

“कुठे जायचंय? सायकल पंक्चर झाली का?”

“नाही. पुढे एक मुलगी सायकलवर आहे.”

“बरं, मग?”

“एवढंच. आहे म्हणून सांगितलं.”

त्याने माझ्याकडे, मग सायकलकडे पाहिलं. वेडा समजला असेल. तरी मान हलवून “बरं” म्हणाला आणि हळू निघाला.

त्याच्या मागच्याने तोवर हॉर्न वाजवायला सुरुवात केली होती. मी त्यालाही हात केला. तो थांबला नाही, त्याच्या मागचे तिघेही थांबले नाहीत.