सात नंबरची तक्रार

चप्पलवाली आमच्याकडे आली त्या दिवसापासून माझ्या डोळ्यांत खुपत होती. हे नाव मीच ठेवलेलं, मनातल्या मनात. आधीच्या नोकरीत ती बायकांच्या चपला-बुटांचे नमुने काढायची. आमचं काम म्हणजे बायकांच्या निकर. पाळीसाठीच्या, आणि ज्यांना लघवी आवरत नाही त्यांच्यासाठीच्या. शिंक आली, खोकला आला, जड पिशवी उचलली, पोट धरून हसलं की थेंब सुटतो अशा बायका थोड्या नाहीत, तसं सांगणाऱ्या मात्र थोड्या आहेत. या कामात मी केस पांढरे केलेत. कोणतं कापड किती पाणी पितं, मांडीजवळची शिवण नेमकी कुठे काचते, मला झोपेतून उठवून विचारा. आणि ही बाई पायापासून चढत चढत कमरेपर्यंत आली, ती थेट माझ्या शेजारच्या टेबलावर.

त्यात मालकीणबाई म्हणाल्या, "दोघींनी एकेक नमुना करा. चांगला ठरेल तो मशिनवर चढवू."

एकेक! म्हणजे मी आणि ती एकाच पारड्यात. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तोंडाने मी "हो, छानच की" म्हटलं.

माझा नमुना म्हणजे वर मऊ जाळी, मध्ये शोषून घेणारे थर आणि सगळ्यांत खाली एक पातळ पडदा. त्यातून टिपूसही बाहेर येत नाही. आमची चाचणी साधी असते. निकर ताणून बसवायची, मिठाचं पाणी ओतायचं, वर वजन ठेवायचं, खाली टिपकागद. माझा टिपकागद कोरडा ठणठणीत निघाला. चप्पलवालीच्या नमुन्यात तो पडदाच नव्हता, नुसतं घट्ट विणीचं कापड होतं. तिचा कागद कडेला ओलसर झाला. मी तो उचलून उजेडात धरला, सगळ्यांना दिसेल असा.

"हो गं, कडेला जरा मार खातेय माझी," ती म्हणाली आणि कामाला लागली. चिडली असती तर मला बरं वाटलं असतं.

पुढचा टप्पा म्हणजे घालून बघणाऱ्या बायका. प्रत्येकीला दोन्ही नमुने द्यायचे, दिसायला सारखेच, राखाडी. फरक फक्त कमरपट्टीच्या आतल्या बाजूला, एका टाक्याचा. माझ्या नमुन्याला लाल, तिच्याला निळा. कुठला कुणाचा हे बायकांना सांगायचं नाही. त्या बायकांनाही नावं नसतात, नंबर असतात. निम्म्या मी शोधायच्या, निम्म्या तिने. एकीने दुसरीच्या बायकांशी बोलायचं नाही. आणि एक नियम पक्का, कामावरच्या कुणाच्याही घरातली बाई घ्यायची नाही. घरचे लोक प्रेमापोटी खोटं बोलतात आणि माल नापास होतो तो दुकानात.

बायकांचं म्हणणं येऊ लागलं तसा माझा जीव भांड्यात पडला. लाल टाका कोरडा राहतो, निळा कडेने ओलावतो, असं जी ती म्हणत होती. मी टेबलाशी गुणगुणायला लागले. तेवढ्यात चहाच्या वेळी चप्पलवाली म्हणाली, "सात नंबरची एक तक्रार आहे. लाल टाक्याची चुरचुरते म्हणे. उठता-बसता आवाज येतो."

"आणखी कुणी म्हटलंय?"

"नाही. त्या एकट्याच."

"मग त्यांना कान तपासून घ्यायला सांग."

"त्यांचं दुखणं वेगळंच आहे गं. घरात एकजण आहे, तिचे कान फार तिखट आहेत. म्हणाल्या, थोडं ओलं झालं तर चालेल, निळीच द्या. पण तिला कळता कामा नये."

"सून असणार," मी म्हटलं. "काय कजाग बाई असेल! बिचारीने स्वतःच्या घरात चोरासारखं चालायचं? अशा बायकांना ना, धरून चार शब्द सुनावायला हवेत."

चप्पलवाली कपात बघत राहिली. "तशी वाईट नाहीये ती," ती म्हणाली.

"तुला काय माहीत?"

"सात नंबरच म्हणतात तसं."

मी तो विषय उडवून लावला. एका बाईच्या चुरचुरीने माझा नमुना मागे पडणार नव्हता. पण चप्पलवालीची आणखी एक गोष्ट मला रोज टोचायची, आणि ती कामावरची नव्हती. ती माझ्या घरात होती.

घरात आम्ही दोघीच, मी आणि आई. मधे मला ताप आला तेव्हा चप्पलवाली कापडाचे तुकडे दाखवायला घरी आली होती. तुकडे दाखवून झाले आणि बाई स्वयंपाकघरात आईपाशी जाऊन बसली. मी पलंगावर कण्हतेय आणि आत दोघींचं हसणं चाललंय. माझी आई हसते, हे मी जवळजवळ विसरले होते. त्यानंतर आईचं एकच पालुपद. "ती कशी आहे गं? किती गोड बोलते! आण ना तिला परत." तुझं कसं चाललंय, असं मात्र कधी नाही. माझ्या पोटात दुखायचं, आणि खरंच दुखायचं.

वर आई अलीकडे फारच विचित्र वागायला लागली होती. फिरायला जाणं बंद. मावशीने बोलावून बोलावून तोंडाची वाफ दवडली तरी "गुडघे धरलेत" म्हणून नकार. सगळे कपडे गडद रंगाचे. आणि टीव्ही! खुर्चीतून उठायचं झालं की आधी टीव्हीचा आवाज मोठ्ठा करायची. परत येऊन बसली की बारीक. मी कितीदा तरी ओरडले, "आई, भिंती हलतायत! बहिरी झालीस का?" ती म्हणायची, "होत असेन," आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच.

सुट्टीच्या दुपारी वारा सुटला म्हणून मी गॅलरीतले कपडे काढायला गेले. आईचा मोठा टॉवेल काढला तर त्याच्याखाली, दिसणार नाही अशी, एक राखाडी निकर वाळत होती. मी कमरपट्टी उलटली. आत निळा टाका होता.

आधी वाटलं, चुकून मीच घरी आणली असेन. पण तिचा नमुना मी कशाला आणीन? मग टीव्हीचा आवाज आठवला. मग तिखट कान. मग माझीच बडबड, कजाग बाई, धरून चार शब्द सुनावायला हवेत. गॅलरीत उभ्या उभ्या माझे कान लाल झाले.

खरं सांगायचं तर आईची कीव मला पहिल्यांदा आली नाही. पहिल्यांदा आला तो संताप. ज्या कामात मी अर्धं आयुष्य घातलं, तेच दुखणं माझ्या आईला, आणि ते सांगितलं कुणाला? एका तापाच्या दुपारी आलेल्या परक्या बाईला! जन्म दिलेली मुलगी भिंतीपलीकडे झोपली होती. मी टॉवेल होता तसाच निकरवर घातला आणि बाकीचे कपडे घेऊन आत गेले. आई म्हणाली, "टॉवेल राहिला वाटतं." मी म्हटलं, "ओला आहे अजून."

दुसऱ्या दिवशी चप्पलवालीला मी चाचणीच्या टेबलाशी गाठलं.

"सात नंबर कोण?"

"सांगता येत नाही, माहितीये तुला."

"माझी आई आहे."

तिने हातातली पाण्याची बाटली खाली ठेवली. "मग विचारतेस कशाला?"

"तुला कसं कळलं ते विचारतेय."

"काकू हसताना पाय आवळून घेत होत्या. मी विचारलं, गळतं का? त्या रडल्या." ती हळू बोलत होती. "नियम मोडलाय मी. पण तुला सांगायचं नाही अशी त्यांनी शपथ घातली होती आणि दुकानातलं काही घ्यायला त्या तयारच नव्हत्या. तू मालकीणबाईंना सांग. मी नाही म्हणणार नाही."

गळतं का. दोन शब्द. मी बाहेरच्या शेकडो बायकांना विचारलेत ते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. या बाईने माझ्या टेबलापर्यंत यावं, माझ्या घरात यावं, आणि माझ्या आईशी माझ्याच पोटापाण्याचे दोन शब्द बोलून तिला माझ्यापासून पळवावं! सांगणारच होते मी मालकीणबाईंना. सात नंबर बाद झाली की चुरचुरीची तक्रार बाद, आणि ती बाद झाली की मशिनवर लाल टाकाच चढणार. मनात मी वाक्यसुद्धा जुळवून ठेवलं.

निकालाच्या बैठकीत मालकीणबाईंनी दोन्ही निकर समोर ठेवल्या. "लालचं पारडं जड दिसतंय. आवाजाची तक्रार तेवढी आहे, पण ती एकीचीच. धरायची की सोडायची?"

कटिंगवाले मास्तर होते, विक्रीवाला होता, सगळे माझ्याकडे बघत होते. चप्पलवाली बघत नव्हती. ती तोंड मिटून टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत होती. नोकरीवर पाणी सोडावं लागेल हे ठाऊक असून तिने माझ्या आईचं नाव पोटात ठेवलं होतं. आणि मी, पोटची मुलगी, ते या मास्तरांपुढे आणि विक्रीवाल्यापुढे उघडं करायला निघाले होते. नमुन्यात ती माझ्या पुढे गेली असती तर मी एक वेळ सोसलं असतं. माझ्या आईचं गुपित राखण्यातही तीच पुढे? ते मी तिला मिळू देणार नव्हते.

"धरा," मी म्हटलं. "पडदा चुरचुरतो. बाकीच्या बोलल्या नसतील, पण घरात चारचौघांत बसणाऱ्या बाईला तो आवाज नको असतो. सात नंबरचं बरोबर आहे."

"मग निळी?" मालकीणबाईंनी विचारलं.

"निळी. कडेची शिवण तेवढी आत घ्यायला लावा तिला."

चप्पलवालीने मान वर केली. तिचे डोळे भरून आले होते. मला ते बघवेना, म्हणून मी चहा आणायला उठले. मोठेपणा वगैरे काही नव्हता. जिने उतरताना मी तिच्या नावाने बोटं मोडत होते.

घरी आले तर टीव्ही बंद होता. आई खुर्चीत बसलेली. मला बघून ती उठली आणि सरळ माझ्या समोरून स्वयंपाकघराकडे चालत गेली.

चुर्र. चुर्र. चुर्र.

दारापर्यंत गेली, वळली, परत आली. चुर्र, चुर्र. माझ्यासमोर उभी राहिली.

"ऐकू येतंय?"

"येतंय," मी म्हटलं.

"तिचा फोन आला होता. तुला सगळं कळलंय म्हणाली. लाल टाक्याची तुझी होती, हे मला आज कळलं. ही तुझी मी परत दिलीच नव्हती. चांगली आहे. कोरडी राहते."

"मग मला का नाही सांगितलंस?" माझा आवाज चढला. "तिला सांगितलंस! तिला!"

"तुला सांगितलं असतं तर तू माझा प्रयोग केला असतास. रोज घरी आल्या आल्या पहिला प्रश्न, आज किती गळलं? तिला सांगणं सोपं होतं गं. ती कुठे माझी कुणी लागते?"

मी सोफ्यावर टेकले. ती माझ्या शेजारी बसली. बसतानाही आवाज आला आणि आम्ही दोघींनी तो ऐकला.

"कधीपासून आहे हे?" मी विचारलं.

माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "तू झालीस तेव्हापासून. फार अडली होतीस. मधली काही वर्षं बरं होतं, आता पुन्हा सुरू झालंय. हे तुला सांगून काय करायचं होतं? तू मनाला लावून घेतलं असतंस."

मी तिचा हात धरला. आणि तरी तोंडातून निघालं ते असं, "हे तिला सांगितलंस?"

"छे! हे तिला कशाला सांगू? हे आपलं आहे."

मला आनंद झाला. असल्या गोष्टीचा कुणाला आनंद होतो का? मला झाला, लाज वाटण्याइतका झाला. डोळे पुसून मी दिवा लावला आणि तिला म्हटलं, "ऊठ. परत एकदा चालून दाखव."