नाकातली भिंत

आमच्या घरात नाक हा मोठा विषय आहे. सानपाडा गावातल्या निम्म्या पोरांची नाकं आपण सरळ केली, असं आमच्या सासूबाई, शेवंताबाई, स्वतःच सांगतात आणि त्यांना खोटं पाडायची कुणाची छाती नाही. बाळंतिणीच्या घरी सकाळी तेलाची वाटी घेऊन जायच्या, बाळाला पायांवर आडवं घालायच्या, आणि अंग चोळून झालं की चिमटीत नाकाचा शेंडा धरून हलकेच ओढायच्या. माझ्या रुतिकाच्या वेळी मी म्हटलं होतं, "आई, डॉक्टर नको म्हणतात." तर म्हणाल्या, "त्या डाक्टरचा नाक बगलास का कसा हाय?" विषय संपला.

आणि त्यांचं स्वतःचं नाक? मधोमध खचलेलं, खाली शेंडा तेवढा वर आलेला. श्वास बहुतेक तोंडानेच घेतात. गावात पाठीमागे त्यांना काय म्हणतात ते मला ठाऊक आहे, आणि त्यांनाही. मी लग्न करून कामोठ्याहून इथे आले तेव्हापासून ते नाक असंच बघतेय. जन्मापासूनच तसं असेल, असं मी धरून चालले होते.

तर धाकट्या दिराचं, मितेशचं, लग्न निघालं. दारात मांडव घातला त्या दिवशी ड्रोनवाले आले आणि त्यांनी मशीन उडवून बघितलं. झालं, गावातली सगळी पोरं वर बघत पळायला लागली. त्यांच्यात आमची सात वर्षांची रुतिका सगळ्यात पुढे. वर बघत पळणाऱ्याला समोरचा लोखंडी खांब कसा दिसणार? धाडकन आवाज आला. मी धावले तेव्हा फ्रॉक पुढून लाल झाला होता.

मग सल्ले सुरू. कुणी म्हणालं मान मागे टाका, कुणी म्हणालं कांदा हुंगवा. मी सगळ्यांना बाजूला केलं, पोरीला पुढे वाकवून बसवलं आणि नाक दाबून धरलं. रक्त थांबलं. जवळच्या दवाखान्यात नेलं, तिथे एक्स-रे काढला. नाक सरळ आहे, फोटो साफ आहे, बर्फ लावा, एवढं ऐकून आम्ही आनंदाने परत आलो. मोडलेलं नाक म्हणजे वाकडं नाक, आम्हाला एवढंच माहीत. गावात कबड्डी खेळून नाकं वाकडी झालेले पुरुष काय कमी आहेत?

दुसऱ्या दिवशी हळद. आमच्या आगरी लोकांची हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी. मागच्या बाजूला टोपांत मटण शिजत होतं, बँजोवाले वाजवून बघत होते, लग्नाचे धवले गाणाऱ्या बायका ओटीवर येऊन बसल्या होत्या. आणि रुतिका पिवळा घागरा घालून कॉटवर पडलेली, तोंड उघडं. सकाळपासून जेवली नव्हती. अंग जरा कोमट लागत होतं. आत खपली धरली असेल, सर्दी झाली असेल, असं म्हणून मी बांगड्या भरायला गेले. नाक सरळ होतं ना!

तेवढ्यात आई वाटी घेऊन आल्या. "जरा तेल लावतंय. उद्या वरातीत पोर सुजल्या नाकाची नको."

त्यांनी शेंड्याला बोट लावलं मात्र, रुतिका किंचाळली. "आजी, नको! आत कायतरी फुगलंय. दोन्हीकडून बंद झालंय."

"कालपासून बंद हाय का आज जाला?"

"काल एक बाजू होती. आता दोन्ही."

आईंचा हात थांबला. त्यांनी वाटी खाली ठेवली, अंगठ्याने नाकाचा शेंडा अलगद उचलला, पोरीचं तोंड खिडकीच्या उजेडाकडे फिरवलं आणि आत बघितलं. त्यांचा चेहरा असा उतरलेला मी कधीच पाहिला नव्हता. सासऱ्यांना हार्टचा त्रास झाला तेव्हासुद्धा नाही.

"रंजिता, पोरीला उचल. दिपेशला गारी काढायला सांग."

"आई, आत्ता?"

"आत्ता."

दिपेश, माझा नवरा, आला तो पाहुण्यांच्या गडबडीतून. "आई, टेन्शन नको घेऊ ना. काल फोटो काढलाय. हळद लागू दे, मग जाऊ."

मामंजींनी तर कपाळालाच हात लावला. आमच्या घरात मांडव पडला की वरमाई उंबरा सोडत नाही, आणि पहिली हळद तिच्याच हातची. "नवऱ्याची आय मांडव सोडून चालली? लोक काय बोलतील?"

"लोकांना जेवायला घाला," आई म्हणाल्या. "हलद थांबल. ह्या नाय थांबायचा."

मितेश पाटावर बसायच्या तयारीत होता. तो बिचारा म्हणाला, "जा आई. मी बसतो ना." तेवढ्यात मागून कुणीतरी मावशी पुटपुटल्या, "नकटीच्या लग्नाला सतराशे इघ्नं." हसल्या पण. राग माझ्या नाकावर असतोच, त्या दिवशी तो तोंडावर आला. "मावशी," मी म्हटलं, "मटण खा आणि गप बसा."  आई पोरीला घेऊन पुढे निघाल्या होत्या.

गाडीत रुतिका त्यांच्या मांडीवर. वाशीच्या रस्त्याला लागलो तेव्हा मी विचारलं, "आई, तुम्हाला काय दिसलं आत?"

त्यांनी रुतिकाचं डोकं मांडीवर नीट घेतलं. मग म्हणाल्या, "माजा पन असाच व्हता. भायरून सरल. आतून बंद."

त्यांचं माहेर उरणकडे, मोरा बंदराच्या अलीकडे. बाप मिठागरावर. मीठ ओढायच्या लाकडी फावड्याचा दांडा फिरला आणि या पोरीच्या नाकावर बसला. रक्त आलं, थांबलं. मग नाक दोन्हीकडून बंद झालं, ठणका लागला, ताप आला. आठवडाभर पोर तोंडाने श्वास घेत पडून राहिली. ताप उतरला आणि बघतात तर नाक खाली बसलेलं.

"पन त्याच्या आदी गावदेवीची जत्रा जाली व्हती," आई म्हणाल्या. "निवदाचा गूल मी आदीच चाटला. कोनी बगला नाय वाटला, पन आयनी बगला व्हता. नाक बसला तवा आय बोलली, देवीचा उष्टा केलास, देवीनी नाक नेला."

दिपेशने आरशातून आईकडे बघितलं. त्यालाही हे आजच कळत होतं.

मला राहवलं नाही. "आई, देवीने नेलं असं तुम्ही मानता, मग डॉक्टरकडे का चाललोय आपण?"

त्यांनी रुतिकाच्या केसांवरून हात फिरवला. "ह्या पोरीनी काय खाल्ला नाय. मंग तिचा कशाला न्यायचा?"

वाशीला नाक-कान-घशाच्या डॉक्टर होत्या, शर्मिला मॅडम. त्यांनी एक्स-रे बघितलाच नाही. बाजूला ठेवला. म्हणाल्या, मुलांचं नाक बरंचसं मऊ कूर्चेचं असतं, कानाच्या वरच्या कडेसारखं. ते फोटोत दिसतच नाही. नाक सरळ आहे की नाही हेही सूज असताना कळत नाही, त्यासाठी सूज उतरल्यावर परत बघावं लागतं. "पण आज मला वाकडं-सरळ बघायचंच नाहीये. मला आत बघायचंय."

कपाळाला दिवा लावून त्यांनी अंगठ्याने शेंडा उचलला. मग मला बोलावलं. "या, बघा."

मी बघितलं. मधल्या पडद्याच्या दोन्ही अंगांना दोन जांभळं फुगली होती. खरंच, पिकल्या जांभळाचा रंग. मॅडमनी कापसाच्या काडीने हळूच दाबलं तर ते मऊ होतं, दबलं आणि परत वर आलं. काल मी हेच बघून सूज म्हणून सोडून दिलं असतं, आणि आज सकाळी तर बघितलंही नव्हतं.

मॅडम बोलत होत्या आणि मी तोंड उघडं टाकून ऐकत होते. नाकाच्या मधोमध एक पातळ भिंत असते. तिच्यात रक्ताची एकही नस नसते. दोन्ही बाजूंनी कातडी चिकटलेली असते, तीच तिला भरवते. आत रक्त साचलं की कातडी भिंतीपासून सुटते, आणि भिंत उपाशी पडते. दोन-चार दिवसांत ती मरते. त्यात पू झाला तर आणखी लवकर. मग वरचं नाक कशाच्या जोरावर उभं राहणार?

"हाड मोडलं असतं तर आठवडाभर थांबता आलं असतं," त्या म्हणाल्या. "हे थांबत नाही. उद्यावर टाकलं असतं तर मी काही सांगू शकले नसते. ती जेवली नाही ते बरंच झालं. लगेच भूल देऊन रक्त काढते."

पोरीला आत नेलं. मी आणि आई बाहेर बाकावर बसलो. एवढीशी भिंत, नखाएवढी जाड नसेल, आणि तिला कुणी जन्मभर दोन्ही हातांनी जवळ धरून भरवत असतं, हे मी चाळीशीला आले तरी मला ठाऊक नव्हतं.  देवाने माणूस घडवला म्हणतात ते ऐकून सोडून द्यायची गोष्ट वाटायची. त्या बाकावर मला ते पहिल्यांदा खरं वाटलं, आणि भीतीही वाटली.

मांडवातून फोनवर फोन. पाहुणे जेवून घेतायत, धवलेवाल्या बायका जेवून घेतायत, बँजोवाले दुसऱ्यांदा जेवतायत. आई प्रत्येकाला एकच सांगत होत्या, "पोर भायेर येल तवा येन." आमच्या गावात हळदीच्या आधी सगळं मटण संपल्याचं ते पहिलंच लग्न. रुतिका बाहेर आली, नाकात दोन्हीकडे पट्ट्या भरलेल्या. मॅडम म्हणाल्या, रक्त सगळं निघालं. मग कुठे आई रिक्षाने घरी गेल्या आणि मितेशला हळद लागली.

लग्न झालं. पट्ट्या निघाल्या. सूज पुरती उतरल्यावर परत दाखवायचं होतं, तेव्हा आई सांगितल्याशिवायच गाडीत येऊन बसल्या.

मॅडमनी रुतिकाचा जुना फोटो मोबाइलवर मागून घेतला आणि नाकाशी ताडून बघितला. मग खोलीतला दिवा मालवला आणि बारीक बॅटरी तिच्या एका नाकपुडीशी धरली. दुसऱ्या बाजूने बघितलं तर आतली भिंत लालबुंद उजळलेली, अंधारात बॅटरीवर तळहात धरला की बोटं दिसतात तशी. अख्खी, सलग. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. माझ्या पोरीच्या आत असलं काही लाल, जिवंत उभं होतं आणि तिला जपत होतं.

"वाचली भिंत," मॅडम म्हणाल्या. "वाढत्या वयात मधून मधून दाखवत राहा. आत्ता तरी छान आहे."

मी हात जोडले. आई मात्र खुर्चीकडे सरकल्या. "बाय, माज्या पन नाकात बग ना जरा."

मॅडमनी काही विचारलं नाही. त्यांना बसवलं, बॅटरी उजव्या नाकपुडीशी धरली. त्याबरोबर डाव्या नाकपुडीतून पांढरा उजेड सरळ बाहेर आला. लाल काही नव्हतंच, मध्ये आडवं कुणीच नव्हतं.

"आजी!" रुतिका ओरडली. "तुझ्या नाकात खिडकी आहे!"

मॅडमनी पुढे धरलेल्या आरशात आई बघत राहिल्या. मग त्यांनी मिठागर, दांडा, ताप सगळं मॅडमना सांगितलं. गुळाचंही सांगितलं, आवाज खाली करून, सासरची माणसं ऐकत असल्यासारखं.

"आजी, तुमचंही असंच झालं होतं," मॅडम म्हणाल्या. "आत रक्त साचलं, भिंत मेली."

"तवा कोनी लगेच दाकवला असता तं?"

"बहुतेक सरळ राहिलं असतं."

"आनि गूल?"

"गुळाचा काय संबंध, आजी? दांडा लागला म्हणून झालं."

 सत्तरी ओलांडलेली ती बाई, अख्ख्या गावाला दमात ठेवणारी, खुर्चीच्या कडेला सात वर्षांच्या पोरीसारखी बसली होती.  मी त्यांचा हात धरला. आजवर मी कधी तो धरला नव्हता, तेल लावताना तोच आमचे हात धरायचा.

"परत एकदा सांग, बाय," त्या मॅडमना म्हणाल्या.

"दांडा लागला म्हणून झालं, आजी. दुसरं काही नाही."

आईंनी रुतिकाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मंग मी काय केला नवता," त्या म्हणाल्या.