बारा उंदरांची चोवीस वजनं

ते १९७१ साल. प्रयोगशाळेत माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलीला आम्ही खारूताई म्हणायचो. तिने बारा उंदरांची वजनं औषधाआधी आणि औषधानंतर घेतली होती. औषध लागू पडतं असं दिसलं, तरच तिला पदवी मिळणार होती. पण आकडेमोडीची संख्याशास्त्रीय चाचणी निवडताना तिने ती वजनं चोवीस वेगळ्या उंदरांची धरली, आणि लठ्ठ-बारीक उंदरांमधल्या फरकात प्रत्येकाचं वाढलेलं थोडंसं वजन बुडून गेलं.

"ताई, बघ ना गं, काही चुकलंय का?" तिने वही माझ्यापुढे सरकवली.

प्रत्येक उंदराची तुलना त्याच्याच आधीच्या वजनाशी करायला हवी, हे मला पहिल्याच पानावर दिसलं होतं. "छे, सगळं बरोबर आहे," मी म्हणाले.

औषधाचा परिणाम शून्य निघाला, तेव्हा आमचे मार्गदर्शक सर सगळ्यांसमोर म्हणाले, "तीन वर्षं उंदरांना नुसतं जेवू घातलंस की गं! आता खानावळच काढ." सगळे हसले. मीही हसले.

ती पदवीविना प्रयोगशाळा सोडून गेल्यावर मी तिची वही मागून घेतली, योग्य चाचणी लावली आणि शोधनिबंध माझ्या नावाने छापला. सर मानाने निवृत्त झाले, त्यांच्या खुर्चीत मी बसले. खारूताई शेवटपर्यंत एका शाळेत शिवण शिकवत राहिली. निबंध छापून आला तेव्हा अभिनंदनाचं पहिलं पत्र तिचंच आलं होतं. "तेव्हा तुलाही दिसलं नव्हतं ना गं, ताई?" तिने विचारलं होतं.