सात नंबरचा पंप
तोगावा हेवी इंजिनिअरिंग या जपानी कंपनीला शंभर वर्षं पूर्ण होत होती आणि तिकडच्या संग्रहालयाला कंपनीने आखातात पाठवलेला पहिला पंप हवा होता. जुन्या वहीत नोंद एवढीच होती: नंबर सात, बोटीने दोहा. शोधायचं काम दोहा ऑफिसातल्या मालविकाच्या गळ्यात पडलं, कारण कंपनीची सगळी कागदपत्रं ती सांभाळायची.

मालविका नाशिकची. चिवट बाई. तीन आठवडे फोन करून करून तिने पंपाचा माग काढला. दोह्याच्या कडेला, मुऐदर वस्तीच्या पलीकडे रुकैया नावाच्या कतारी म्हातारीच्या बागेत तो होता, आणि चक्क चालू होता. खजुरांना पाणी पाजत होता.

हे कळताच जपानहून संग्रहालयाचे ओगाता-सान आले. वय साठ, हातात पांढरे हातमोजे. गाडीत त्यांनी इतिहास सांगितला. संस्थापकांनी एका शेडमध्ये पहिला पंप घडवला; मग जहाजं आली, मग गॅस प्लांटची अजस्र यंत्रं. मालविकाने हे माहितीपत्रकात चार वेळा वाचलं होतं, तरी ती मान डोलावत राहिली.

रुकैयाने गावा, म्हणजे अरबी कॉफी, आणि खजूर पुढे केले आणि तोडक्यामोडक्या हिंदीत म्हणाली, "न्या की पंप. पण माझ्या झाडांचं काय? तुमच्याकडचा दुसरा द्या."

ओगाता-सानांनी फोनवर कॅटलॉग उघडला. कंपनीचा आजचा सगळ्यांत लहान पंपसुद्धा असा होता, की दहा मिनिटांत रुकैयाची बाग, शेजाऱ्याची बाग आणि मधला रस्ता पाण्याखाली गेला असता. त्यांनी हळूच फोन खिशात टाकला.

तेवढ्यात हात पुसत शहाजी आला. कऱ्हाडकडचा हा फिटर चौदा वर्षं दर शुक्रवारी येऊन पंप बघायचा. मालविका मराठी आहे म्हटल्यावर त्याची कळी खुलली.

"ताई, सायबास्नी सांगा, यातलं जपानी म्हणाल तर वरची बॉडी आन ही पितळी पाटी. आतला पंखा मी कोल्हापुरात ओतवून आणलाय. शाफ्ट लेथवर मीच काढला. बेअरिंग हितल्या इंडस्ट्रियल एरियातलं."

मालविका ओगाता-सानांकडे वळली. आता हे कसं सांगायचं? ती इंग्रजीत म्हणाली, "याने पंपाची उत्तम काळजी घेतली आहे."

ओगाता-सानांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. "तो यापेक्षा बरंच जास्त बोलला."

मग तिने सगळं सांगून टाकलं. ओगाता-सानांनी हातमोजे काढले, बाह्या सारल्या आणि पंप उघडायला सांगितलं. शहाजीने पाना लावला. साहेब उकिडवे बसले, त्यांनी पंखा आणि बॉडी यांच्यातली फट मोजली, मग पुन्हा मोजली. शहाजी मालविकाकडे पाहत पुटपुटला, "ताई, नोकरी गेली का माझी?"

"तुमची कशी जाईल? तुम्ही कुठे आमच्या कंपनीत आहात? गेली तर माझी."

ओगाता-सान उठले. त्यांच्या गुडघ्यांना माती लागली होती आणि चेहऱ्यावर हसू होतं. "फट केसभरही चुकलेली नाही. आणि आमच्या माहितीपत्रकात जे छापलंय ते खरं नाही," ते म्हणाले. "संस्थापकांनी पहिला पंप घडवला नव्हता. गावात एक परदेशी पंप बंद पडला होता. तो दुरुस्त करताना ते एकेक भाग बदलत गेले. शेवटी जुनं काहीच उरलं नाही, तेव्हा त्यांनी त्यावर आपलं नाव घातलं. कंपनी तिथून सुरू झाली."

मालविकाने हे मराठीत सांगताच शहाजीने डोकं खाजवलं. "मंग यावर माझं नाव घालू का?"

तिने भीतभीतच विचारलं. ओगाता-सानांनी गंभीरपणे विचार केला. "घाला. पण पाटी आमच्यापेक्षा मोठी नको."

मालविकाने हिंदीत सांगताच रुकैया मोठ्यांदा हसली. "खलास, ठरलं! पंप आता शहाजीचा, तो इथेच राहणार."

दुपारपर्यंत पंप जोडून झाला आणि खजुरांच्या आळ्यांत पुन्हा पाणी धावलं. संग्रहालयासाठी ओगाता-सानांनी शहाजीने बदललेल्या भागांची मापं लिहून ठेवलेली वही मागून घेतली आणि पंपाशेजारी त्याला उभं करून फोटो काढला. महिन्याभराने जपानहून मेल आला. दर्शनी भिंतीवर संस्थापकांच्या बाजूला शहाजीचा पुरुषभर उंचीचा फोटो लागला होता.

मालविकाने मेलमधला त्या भिंतीचा फोटो शहाजीला पाठवला, शहाजीने गावी बायकोला, लक्ष्मीबाईला. तिचा लगेच फोन आला.

"एवढ्या मोठ्या भिंतीवर त्योच फाटका शर्ट? दिवाळीचा निळा कुठं गेला?"

शहाजीने बापुडवाणं होऊन मालविकाला फोन लावला. "ताई, सायबास्नी विचारता का, फोटो परत काढत्यात का म्हणून?"