दाराआडचा पाइप

मित्रांनो, माझ्याकडे पाहून तुम्हांला विशेष काही वाटणार नाही. मी एक जुना लोखंडी पाइप आहे. उभा केला तर तुमच्या छातीपर्यंत येईन. आतून पोकळ आहे, म्हणून काही जण मला बिनकामाचा समजतात. पण पोकळ असणे हाच माझा गुण आहे, हे तुम्हांला पुढे कळेल.

माझा जन्म सुखाचा नव्हता. लालभडक पत्रा रुळांमध्ये दाबून वाकवला, कडेला कड जाळून जोडली आणि मग करवतीने माझे तुकडे केले. त्यातला एक तुकडा म्हणजे मी. पुढे गाड्या दुरुस्त करणाऱ्या एका उस्तादांनी मला भंगारातून उचलले. त्यांनी माझ्या एका टोकाला सायकलची जुनी ट्यूब घट्ट गुंडाळली, हात घसरू नये म्हणून. दुसरे टोक उघडेच ठेवले. ते पान्याच्या दांड्यावर चढवायचे असे, त्यामुळे त्याला सदा वंगण लागलेले असायचे.

माझे काम सोपे होते. चाकाचा गंजलेला नट माणसाच्या जोराला दाद देत नाही. अशा वेळी मला पान्याच्या दांड्यावर चढवायचे. दांडा लांब झाला की थोडा जोरही पुष्कळ होतो. दुप्पट लांबी, निम्मा जोर. नट आधी हटून बसायचा, मग एकदम ‘कट्’ असा कोरडा आवाज करून सुटायचा. गॅरेजमधले सगळे म्हणायचे, “वा रे पठ्ठ्या!” तो आवाज म्हणजे माझी शाबासकी, असे मी धरून चाललो होतो.

उस्तादांचा एकच नियम होता. “पाइप सोडवायला असतो, आवळायला नाही. पाइपने आवळलेला नट म्हणजे पुढच्या माणसाशी दावा.”

त्यांच्या हाताखाली एक तगडा जवान काम शिकत होता. हात हुशार, डोके तापट. तो मला पान्यावर चढवून नट आवळायचा आणि म्हणायचा, “आता उघडून दाखवा कुणी!” उस्तादांनी त्याला सगळ्यांदेखत एक सणसणीत ठेवून दिली. तो हसला. त्याची सवय गेली नाही. उस्ताद थकले, गॅरेज बंद पडले, तेव्हा तो मला बरोबर घेऊन गेला. बंद पडलेल्या आणि आपटलेल्या गाड्या ओढून नेणारी एक टोचनगाडी त्याने घेतली. हमरस्त्यावरचा प्रत्येक पंपवाला, चहावाला, नाकेवाला त्याच्या ओळखीचा झाला. त्याचे लग्न झाले, मुलगी झाली.

घरी त्याने मला दाराआड उभे केले. दाराआड झाडू असतो, छत्री असते. तसा मीही असेन, असे मला वाटले.

त्याची बायको घरी इस्त्रीचे काम करायची. एकदा त्याच्या शर्टावर इस्त्रीचा डाग पडला. तेवढ्यावरून त्याने मला उचलले. तिने तोंडासमोर डावा हात धरला आणि मी त्या हातावर बसलो. मित्रांनो, हाड मोडण्याचा आवाज कोरडा असतो. अगदी नट सुटल्यासारखा. जन्मभर ज्या आवाजाने मी फुशारत आलो, तोच आवाज त्या दिवशी त्या बाईच्या हातातून आला.

दवाखान्यात तिने सांगितले, “पाय घसरून पडले.” पुढे ती जिन्यावरून पडली, न्हाणीघरात पडली, टेबलावर आपटली. शेजारीण एकदा म्हणालीही, “तुमच्या घराची फरशी फारच निसरडी दिसते हो.” तिने शेजारणीच्या वाटीत उसनी साखर घातली आणि शेजारीण आपली वाटी घेऊन परत गेली.

त्या घरात एक रीत होती. तो स्वतः उठून मला घ्यायचा नाही. खुर्चीत बसूनच मुलीला म्हणायचा, “आण गं.” मग तिने मला दाराआडून आणायचे, आणि तेही रबराचे टोक त्याच्याकडे करून. म्हणजे वंगणाचे टोक तिच्या हातात. तिच्या गणवेशाच्या पुढच्या भागावर काळे डाग असायचे. शाळेत बाईंनी विचारले की ती सांगायची, “बाबांना गाडी दुरुस्त करायला मदत करते.”

कधीकधी तो खरोखर बरा असायचा. तेव्हा तिला चाक कसे बदलायचे ते दाखवायचा आणि उस्तादांची नक्कल करून त्यांचा नियम ऐकवायचा. मुलगी हसायची. त्या हसण्यामुळेच आईने निघायला इतकी वर्षे लावली, असे मला वाटते.

मुलगी आठवीत गेली तेव्हा एका संध्याकाळी त्याने नेहमीसारखे “आण गं” म्हटले. तिने मला आणायला उशीर केला, म्हणून त्याने माझा पहिला तडाखा तिच्याच पाठीवर दिला.  दुसऱ्या दिवशी तो कामावर गेल्यावर आईने इस्त्रीच्या टेबलावर पाणी शिंपडले आणि बोट ओले करून चादरीवर एक रेघ काढली.

“माऊ, इकडे ये. समुद्रावर मावशीकडे जायचा रस्ता बघ.”

कागद नको, कारण तो खिसे तपासायचा. फोन नको, कारण तो फोन तपासायचा. म्हणून सगळा बेत पाण्याने आखला जाई. त्याच्या गाडीची चाहूल लागली की आई इस्त्री फिरवायची. फस्सकन वाफ यायची आणि रस्ता नाहीसा व्हायचा. मी दाराआडून पाहत असे.

“हमरस्ता नको,” आई म्हणायची. “गावागावातून जायचं. लहानपणी तुझ्या आजोबांच्या मिठाच्या गाडीत बसून मी याच रस्त्याने फिरले आहे. हे तळं. ही वीटभट्टी. ही दगडाची खाण. इथे मोडका पूल, त्याच्या खालून उतरायचं.”

“मग हमरस्ता लागतच नाही?”

“एकाच ठिकाणी. आडवा ओलांडायचा.”

“तिथे बाबांचा चहावाला आहे.”

“असू दे. आपण काय चहा प्यायला थांबणार आहोत?”

दोघी हसल्या. मग मुलीने विचारले, “आणि वाटेत चाक बसलं तर?”

आईच्या हातातली इस्त्री एकाच जागी थांबली. करपल्याचा वास आला तेव्हा तिने ती उचलली.

प्रश्न खरा होता. आई धुतलेले कपडे पोचवायला घरची जुनी मोटार चालवायची. पण तिच्या चाकांचे नट तो स्वतः आवळायचा, पान्यावर दोन्ही पाय देऊन, पूर्ण वजन टाकून. वर प्रत्येक नटावरून चाकापर्यंत पिवळ्या रंगाची रेघ ओढायचा. “रेघ हलली की मला कळणार, कुणी हात लावला ते. गाडी बसली तर मला फोन कर. मी आहे ना!” असे तो प्रेमाने म्हणायचा. रोज संध्याकाळी किलोमीटरचा आकडाही वाचायचा. म्हणजे आधी सराव करून पाहण्याचीही सोय नव्हती.

मुलगी विचार करत होती. “बाबा पान्यावर उभे राहतात. तुझं वजन त्यांच्या निम्मं. मग दांडा दुप्पट लांब हवा.” बोलता बोलता तिची नजर दाराकडे वळली.

“नाही,” आई म्हणाली.

“आई, ऐक तरी.”

“ते मला बरोबर नको. निघताना डोळ्यांपुढेसुद्धा नको.”

“आपण नेला नाही, तर तो घेऊन बाबा येतील.”

आईने पुन्हा इस्त्री फिरवली. 

निघण्याच्या सकाळी तो कामावर गेला आणि मुलीने मला एका धुतलेल्या चादरीत गुंडाळून मागच्या सीटखाली ठेवले. चादरीत मला पहिल्यांदाच कुणी ठेवत होते.

तळे गेले, वीटभट्टी गेली. हमरस्त्यावर मात्र एक लांबलचक ट्रक आडवा आला आणि गाडी चहाच्या टपरीसमोर थांबली. चहावाल्याने आधी गाडी पाहिली, मग आईला पाहिले. “वहिनी, इकडे कुठे?” असे ओरडून त्याने हात हलवला. वाईट माणूस नव्हता तो. ट्रक सरकला, आईने गाडी हाकली, आणि मुलगी मागे वळून म्हणाली, “फोन काढला त्याने.”

आईने वेग वाढवला आणि तिथेच घात झाला. खाणीच्या रस्त्यावर एका अणकुचीदार दगडाने मागचे चाक चिरले.

दोघी उतरल्या. चाक जमिनीवर असतानाच आधी नट सैल करायचे असतात, हे मुलीला माहीत होते. तिने पाना बसवला. आई त्यावर उभी राहिली, उड्या मारल्या. पिवळी रेघ केसभरही हलली नाही. मुलीने चादर सोडून मला बाहेर काढले. मला पाहताच आई दोन पावले मागे सरली.

“आई, टोकावर पाय दे. अगदी टोकावर.”

आईने डोळे मिटून माझ्यावर पाय ठेवला आणि वजन टाकले. मी पान्यावर ताणला गेलो. नट क्षणभर हटून बसला आणि मग ‘कट्’ झाले.

आई किंचाळून खाली बसली. तिने डावा हात तोंडासमोर धरला होता.

“आई, नट आहे,” मुलगी तिच्या कानाशी म्हणाली. “नुसता नट आहे गं.”

दुसरा नट सुटला तेव्हा आई फक्त दचकली. तिसऱ्याला तिने डोळे उघडे ठेवले. शेवटच्या नटाचा आवाज झाला आणि ती मोठ्याने म्हणाली, “सुटला मेला!”

त्यांनी जॅक लावला, स्टेपनी चढवली. आवळण्याच्या वेळी घाबरून आई पुन्हा मलाच उचलू लागली. मुलीने तिला अडवले. “पाइप सोडवायला असतो. हातानेच आवळ, पुरतं तेवढं.”

त्या जॅक काढत होत्या, तेवढ्यात धुरळा उडवत टोचनगाडी आली.

तो सावकाश उतरला. “बाईसाहेब सहलीला निघाल्या वाटतं? सांगायचं तरी, डबा दिला असता.” आणि त्याने आईच्या तोंडावर ठोसा मारला. ती मोटारीवर आपटली. तिच्या ओठातून रक्त आले. त्याने तिची वेणी मनगटाला गुंडाळली आणि तिचे डोके पत्र्यावर आपटले. एकदा. पुन्हा. मग मागे न बघताच तो म्हणाला, “आण गं.”

मुलगी मला घेऊन निघाली. तो वळला नाही, कारण ती मला आणणार याची त्याला खात्री होती. वर्षानुवर्षे तिने आणलेच होते. पण त्या दिवशी रबराचे टोक तिने स्वतःच्या हातात धरले होते.

ती त्याच्याकडे आली नाही. टोचनगाडीच्या पुढच्या चाकातून हवा भरायची नळी बाहेर आलेली असते, तिच्यावर तिने मला सगळ्या ताकदीने हाणले. नळी तुटून उडाली आणि हवा शिट्टी मारत बाहेर पडली. तो “ए!” म्हणून ओरडेपर्यंत ती दुसऱ्या बाजूला पळाली. दुसरी नळीही गेली. जड गाडी पुढच्या बाजूने गुडघे टेकल्यासारखी खाली बसली.

त्याने आईला सोडले आणि मुलीला गाठले. एका थपडेने तिच्या नाकातून रक्त काढले आणि माझे टोक पकडले. एका टोकाला तो, दुसऱ्याला ती. त्याने मला जोरात हिसडा दिला. पण त्याच्या हातात वंगणाचे टोक होते. त्याच्या मुठीतून मी सळ्ळकन निसटलो आणि तो आपल्याच जोराने पाठीवर आडवा झाला, डोके दगडावर.

“आता मार!” तो पडल्यापडल्या हसत म्हणाला. “मार की! माझीच पोरगी ना तू?”

मुलीने मला उचलले. खरे सांगतो मित्रांनो, मला भीती वाटली. मी तिच्या डोक्याच्याही वर होतो.

“माऊ!” आईने हाक मारली. तिने गाडी सुरू केली होती.

मुलगी म्हणाली, “तुमचे नट आता तुम्हीच उघडा.” आणि माझ्यासकट गाडीत शिरली.

ते त्याला जमले नाही. टोचनगाडीचे नट तो दर आठवड्याला मला पान्यावर चढवून आवळायचा. तसे आवळलेले नट उघडायला मीच हवा होतो, आणि मी तर समुद्राच्या वाटेवर होतो.

दुसऱ्या दिवशी तो मावशीकडे आला. मावशी होड्यांच्या दुरुस्तीचा कारखाना चालवते. तिचे सगळे कामगार फाटकात उभे होते आणि आईने तोवर पोलिसांत तक्रारही दिली होती. त्यानेही तक्रार दिली, आपला पाइप चोरीला गेला म्हणून! पोलीसबाईंनी मला हातात घेऊन शांतपणे विचारले, “घरात कशासाठी वापरायचात?” तो आपला तक्रारीचा कागद उचलून दाराकडे वळला. पुढे खटला चालला. माझ्यावर चिठ्ठी चिकटवून मला कोर्टात नेले आणि आईच्या मोडलेल्या हाताच्या फोटोशेजारी ठेवले. त्याला शिक्षा झाली. खटला संपल्यावर आईने अर्ज करून मला परत मागून घेतले. सगळ्यांना नवल वाटले. मला वाटले नाही.

आता मी कारखान्याच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेला असतो. खाऱ्या वाऱ्याने नट फार गंजतात, त्यामुळे मला विश्रांती अशी मिळतच नाही. नट ‘कट्’ करतो, तेव्हा आई अजून कधीतरी दचकते आणि मग आपल्याशीच हसते.

मित्रांनो, मी आता म्हातारा झालो. वंगण लावाल तर अजून काही वर्षे टिकेन. नाही लावले तरी माझी तक्रार नाही. लोखंड गंजते, हा त्याचा स्वभावच आहे. विनंती एकच आहे. काम झाले की मला भिंतीवर टांगा, जिथे सगळ्यांना दिसेन. आणि कुणाच्या घरी दाराआड माझा एखादा भाऊ उभा दिसला, मुलांच्या कपड्यांवर वंगणाचे डाग दिसले, तर आपली वाटी घेऊन परत जाऊ नका.