दोस्तीत असं विचारत नाहीत

"तुझ्या खोलीतला तो हयग्रीव बसनं निघाला ना? मग तुलाच काय झालंय?" सिंचनानं फोन मिक्सरला टेकवून ठेवला होता आणि हातातली कोथिंबीर तशीच धरून ती मुलाला विचारत होती.

"अय्यो अम्मा, टेन्शन नको घेऊ. खाली शेल्टर आहे, सगळं आहे," हैफाहून सुदीप हसत म्हणाला. "आजीला विचार की! खंडोजी आजोबांच्या घरातला पोरगा हैफा सोडून पळाला म्हटल्यावर मैसूरला, आपल्या नजरबाद पेठेत तोंड दाखवता येईल का? काय गं आजी?"

तुंगाबाईंनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, त्यांचं त्यांनाच कळलं नाही. दोन देश आठवडाभर एकमेकांवर क्षेपणास्त्रं टाकत होते. एकाच्या पाठीशी हा, दुसऱ्याच्या पाठीशी तो, असं टीव्हीवर रोज नवं नाव वाढत होतं. विमानं बंद होती. आपल्या दूतावासाची शेवटची बस उद्या सीमेकडे निघणार होती आणि तिच्यासाठी आज संध्याकाळपर्यंत नाव द्यायचं होतं.

फोन बंद झाला तशी सिंचना सासूकडे वळली. "अत्ते, आता तुम्हीच सांगा. तो माझं ऐकणार नाही. तुमचंच ऐकून गेला."

ती टोमणा मारत नव्हती. म्हणूनच ते जास्त लागलं.

खंडोजीराव म्हणजे तुंगाबाईंचे आजोबा, महाराजांच्या घोडदळातले स्वार. पहिल्या महायुद्धात मैसूरची पलटण तुर्कांशी लढत हैफापर्यंत गेली, तिच्यात ते होते. सुदीप लहानपणी ही गोष्ट ऐकल्याशिवाय घास गिळायचा नाही. ताटातल्या वाट्या सरकवत तुंगाबाई सांगायच्या, "ह्या राजाच्या पोराला कुणीतरी गोळी घातली. हा चिडला. त्याचा दोस्त हा, तोही उठला. समोरच्याचे दोस्त हे दोघं. ह्यातला एक इंग्रज. इंग्रजांचे दोस्त आपले महाराज. आणि महाराजांचा स्वार कोण?"

"खंडोजी आजोबा! पण आजी, त्या तुर्कांनी आपलं काय बिघडवलं होतं?"

"दोस्तीत असं विचारत नाहीत, राजा. शब्द दिला की दिला."

केवढ्या ऐटीत म्हणायच्या त्या! दोन वर्षांपूर्वी तिथल्या प्रयोगशाळेत पोराला जागा मिळाली तेव्हा सिंचना नको म्हणत होती. तुंगाबाईंनीच त्याच्या हातावर दही घातलं. म्हणाल्या, "जा. आपल्या माणसानं घोड्यावरून पाहिलेलं गाव आहे."

आणि पलंगाखालचे आजोबा? ते त्यांनी कधी कुणाला दाखवलेच नव्हते.

त्यांनी खोलीत जाऊन सुदीपला पुन्हा फोन लावला.

"सुदीपा, नीट ऐक. मी तुला अर्धीच गोष्ट सांगितली. दसऱ्याला राजवाड्यात तोफा सुटायच्या ना, तेव्हा आजोबा पलंगाखाली शिरायचे. एवढा उंच माणूस, गुडघे पोटाशी घेऊन. धोतर ओलं व्हायचं. मग दुसरा दिवस सगळा भिंतीकडे तोंड करून. पुन्हा कधी घोड्याला हात लावला नाही त्यांनी. त्या गावानं माणूस परत दिला नाही रे आम्हाला. तू ये. मी सांगते, ये."

पलीकडून हसू आलं.

"आजी, सुम्ने, उगाच काहीतरी सांगू नको. अम्मानं पढवलं ना?"

"चामुंडीची शपथ."

"मला जेवायला घालताना पण हीच शपथ घ्यायचीस. भोपळ्याला बटाटा म्हणायचीस."

"रघुनाथमामाला विचार मग! माझ्या थोरल्या भावाला. त्यानंच ओढून काढलंय त्यांना पलंगाखालून."

"विचारतो. ते म्हणाले तर आत्ता नाव देतो. प्रॉमिस."

आधी दादाला फोन करून ठेवावा असं तुंगाबाईंना वाटलं. पण पढवलेलं वाटलं तर पोरगा साफ बिथरेल. दादा कशाला खोटं बोलेल? आयुष्यात बोलला नाही. त्या फोन मांडीवर घेऊन बसून राहिल्या.

थोड्या वेळानं तो वाजला. नजरबादेहून रघुनाथराव. ब्याऐंशी वर्षांच्या माणसाचा आवाज आज नुसता खणखणत होता.

"तुंगे! तुझ्या नातवाचा फोन आला होता. घाबरू नको, मी सांभाळलं. कुणीतरी त्याच्या कानात भलतंसलतं भरवलंय. पलंग काय, धोतर काय! मी ठणकावलं, वाघ होता म्हटलं, वाघ!"

"दादा, अरे..."

"विसरलीस होय? गल्लीतली पोरं आजोबांना हसली, तेव्हा तू मला विहिरीपाशी नेऊन शपथ घातली होतीस. पदक पडलं होतं, ते शोधायला खाली गेले होते, असंच सांगायचं. म्हणालीस, मी सांगेन तेच तू सांगायचं, कुणी का विचारेना. एवढीशी होतीस, पण काय डोळे वटारले होतेस! सत्तर वर्षं झाली. बायकोला नाही सांगितलं मी, ह्या पोराला सांगेन?"

"त्याला पुन्हा फोन कर, दादा. खरं सांग. मीच म्हणतेय."

"आता? आता फिरलो तर तुझंही खोटं, माझंही खोटं. कोण विश्वास ठेवील? आणि पोरगा केवढा खूश झाला! म्हणाला, मला ठाऊकच होतं." मग हळूच, शाळकरी पोरानं विचारावं तसं त्यांनी विचारलं, "बरं केलं ना गं मी?"

म्हाताऱ्यानं जन्मभर सांभाळलेली ती एक गोष्ट. ती त्याच्या हातातून कशी हिसकावायची?

"बरं केलंस, दादा."

त्यानंतर त्या सुदीपला फोन लावत राहिल्या. लागत नव्हता. अंधार पडता पडता त्याचा दोन ओळींचा निरोप आला: शेल्टरमध्ये होतो. नाव दिलं नाही, काळजी करू नका.

फोनवरचं अर्धंमुर्धं ऐकलेली सिंचना दारात येऊन उभी राहिली. "मामांनी सांगितलं नाही का खरं?"

"सांगितलं नाही. मीच दादाला लहानपणी शपथ घातली होती, सांगू नको म्हणून."

तुंगाबाई पलंगावर जरा सरकल्या, तिला बसायला जागा करून दिली. ती बसली नाही.